घेताना हिरा, विकताना गारगोटी

(कोल्हापुरात झालेल्या आपल्या वनहक्क शिबिरात दुसऱ्या दिवशी दुपारी झालेलं भाषण. बोलणारे गृहस्थ गुजरीतले जुने जडाव कारागीर आहेत. नाव छापू नका, असं त्यांनीच सांगितलं. टेपवरून उतरवून घेतलं आहे. बोलीत फार हात घातलेला नाही.)



सकाळपासून तुम्ही दावे, नकाशे, पंचाहत्तर वर्षांचे पुरावे असलं सगळं ऐकताय. मला त्यातलं कळत नाही. मी चौतीस वर्षं गुजरीत एका माडीवर बसून कोंदणात खडे बसवले. डोळे गेले तेव्हा उठलो. भाषण ही माझी पहिलीच खेप. कुठं अडखळलो तर सांभाळून घ्या.

मला इथं कशाला बोलावलं ते आधी सांगतो. तुमच्यातल्या काही वाड्यांना सह्याद्री व्याघ्र प्रकल्पामुळं उठावं लागलं, काहींचं अजून चाललंय. रोख घेऊन उठणाऱ्या कुटुंबाला आधी १० लाख ठरले होते, आता १५ लाख आहेत. ते घ्यावेत का जमीन मागावी, का उठूच नये, हे तुमचं तुम्ही ग्रामसभेत ठरवाल. मी त्यावर बोलणारा कोण? पण पैसा आला की गावात पहिला कोण येतो, हे मी बघितलंय. पाहुणा येत नाही. मोटारसायकलवाला येतो, मोबाईलवाला येतो, आणि त्यांच्या मागोमाग सराफाचा माणूस येतो. साहेबाला माहीत व्हायच्या आधी त्याला माहीत असतं की अमक्या वाडीच्या खात्यात रक्कम जमा झाली.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला सोपं जात नाही.

शाहूवाडीकडच्या एका धनगरवाड्यातलं घर. माझी त्यांची ओळख जुनी. त्यांच्या घरचं तूप आणि मध आमच्याकडं यायचा. २०२२ साली पोरीचं लग्न ठरलं. मुलगा शहरात नोकरीला. नवऱ्याकडच्या मामानं बैठकीत सांगितलं, "सोनं तुमच्या ऐपतीप्रमाणं घाला, पण अंगठी आणि पदक तेवढं डायमंडचं पाहिजे. चारचौघांत बरं दिसतं." पोरीचा बाप माझ्याकडं आला. म्हणाला, "अण्णा, मला ह्यातलं काय कळत न्हाई. तुमी संगं चला."

मी गेलो. दुकान कुठलं ते सांगत नाही, त्यानं फरक पडत नाही, सगळीकडं हेच आहे. काचेचं दार, थंडगार हवा, पाणी विचारायला पोरगी. बाप चप्पल बाहेर काढून आत आला. दुकानदारानं मखमली तबकात अंगठी ठेवली आणि वरचा दिवा लावला. तो दिवा मुद्दाम असतो बरं का. त्या दिव्याखाली काचसुद्धा चमकते.

पावती झाली ती अशी. सोनं पाच ग्रॅम, अठरा कॅरेटचं, १९,५०० रुपये. हिरे बारीक बारीक मिळून ४० सेंट, ३६,००० रुपये. घडणावळ ५,०००. वर तीन टक्के कर. एकूण ६२,३१५ रुपये.

मला त्या हिऱ्यांची परतीची किंमत ठाऊक होती. चौतीस वर्षं तेच बसवलेत मी. बाप माझ्या तोंडाकडं बघत होता. मी मान हलवली, "चांगलं आहे" म्हटलं. बाहेर पडल्यावर चार दिवसांनी दुकानातला माणूस माझ्या घरी आला आणि गिऱ्हाईक आणल्याबद्दल दोन हजार रुपये देऊन गेला. मी ते घेतले. आज तुमच्यापुढं उभं राहून बोलतोय ते त्या दोन हजारांमुळं. परत दिले म्हणाल तर परत दिले, पण ते नंतर, आणि त्यानं काही भरून येत नाही.

दोन वर्षांनी त्या पोरीचा भाऊ जांभळाच्या झाडावरून पडला. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशनला पैसे लागले. पोरगी स्वतः अंगठी आणि पदक काढून घेऊन आली. "अण्णा, ह्येचं किती येतील वो?" मी तिला घेऊन त्याच दुकानात गेलो. तिथं म्हणाले, "रोख देत नाही, बदलून दुसरा दागिना घ्या." आता दवाखान्यात दुसरा दागिना चालतो का? मग गुजरीत चार पेढ्या फिरलो. सोन्याचा भाव तोवर वाढला होता, म्हणून सोन्याचे घट वजा करून साडेचोवीस हजार आले. हिऱ्यांचे एकानं ६,००० सांगितले. दुसऱ्यानं तर भिंग डोळ्याला लावलं, काढलं आणि म्हणाला, "एवढ्या बारीक मालाला मी हात लावत नाही. काढून देतो, घरी न्या." ३६,००० चे ६,०००. दोन वर्षांत, आणि पोरीनं ते चार-पाच वेळाच घातले असतील.

ऑपरेशन झालं. पण ते कशावर झालं? त्यांच्या म्हातारीची बोरमाळ होती. तिच्या लग्नातली, काळी पडलेली, दोन मणी चेपलेले. मुशीत घालून मण्यांतली लाख जाळली, निव्वळ सोनं सात ग्रॅम निघालं. त्याचे पंचेचाळीस हजार रोख, दहा मिनिटांत. म्हातारी दारात बसून होती. तिनं एक शब्द बोलला नाही, फक्त गळ्यावरनं हात फिरवला.

आता बोरमाळेत लाख असते हे तुमच्यातल्या किती जणांना माहीत होतं? आपल्या कोल्हापुरी साजाचे मणी, बोरमाळेचे मणी, वरनं सोन्याचा पत्रा आणि आत लाख. ती लाख कुठली? पळसावरची, बोरीवरची, कुसुमाच्या झाडावरची. जंगलातली. साजाला एकवीस पानं असतात. त्यात दशावताराची दहा, अष्टमंगळाची आठ, माणिक-पाचूची दोन, आणि एक ताईत. हे सगळं बनवणारा हात इथला आणि आतला माल जंगलातला. तुम्ही परके नाही त्या धंद्याला. सोनार लबाडी करत नाही असं मी म्हणत नाही. करतो. लाखेचं वजन सोन्याच्या भावानं लावणारे मी बघितलेत. पण सोन्यातली लबाडी पकडता येते, कसोटीवर घासली की दिसते. २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झालाय. दागिन्यावर सहा अक्षरी नंबर असतो, तो मोबाईलवर तपासता येतो.

हिऱ्याचं तसं नाही. सोन्याचा भाव रोज पेपरात येतो. चांदीचा येतो. हुपरीचा पैंजण करणारा माणूससुद्धा सकाळी पहिला भाव विचारतो. हिऱ्याचा भाव कुठल्या पेपरात वाचलाय तुम्ही? व्यापाऱ्यांत एक यादी फिरते, परदेशातून डॉलरमध्ये निघते, ती तुमच्या-माझ्या हातात येत नाही. शिवाय प्रत्येक खडा वेगळा. रंग वेगळा, आतला डाग वेगळा, पैलू वेगळे. म्हणून दुकानदार जे सांगेल ते. बँकेत जाऊन बघा. दागिना तारण ठेवायला नेला की बँकेचा सराफ वजन करतो आणि खड्यांचं वजन वजा करतो. सरकारी बँक ज्याला शून्य धरते, ते तुम्ही ३६,००० देऊन घेता.

मग हे शून्य एवढं महाग कसं झालं? याची हकीकत मोठी आहे. थोडक्यात सांगतो.

एके काळी जगात हिरा जवळजवळ आपल्याच मुलखातून जायचा. गोवळकोंड्याचं नाव ऐकलं असेल. पण महाराष्ट्रातच गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरी तालुक्यात वैरागड आहे. तिथं हिऱ्याच्या खाणी होत्या. जुन्या ग्रंथांत त्याचं नाव वज्राकर, वज्र म्हणजे हिरा. अकबर बादशहाच्या आईन-ए-अकबरीत त्या खाणीची नोंद आहे. चांद्याच्या गोंड राजांचा तो मुलूख. म्हणजे मातीतनं हिरा काढणारे हात आदिवासींचे होते. तो हिरा गेला दरबारांत. आज वैरागडला किल्ल्याच्या भिंती उभ्या आहेत आणि आजूबाजूची माणसं धान आणि मोहावर जगतात. खरी मजा पुढं आहे. त्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये अठराशे हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ पासून आपल्या सहीनं बांबू विकला. शेकडो वर्षांच्या हिऱ्यांनी त्या मुलखातल्या माणसाला जे दिलं नाही, ते बांबूनं दिलं. (टाळ्या.) टाळ्या मला नको, त्या गावाला द्या.

तर तेव्हा हिरा खरंच दुर्मिळ होता. सतराशे वीसच्या सुमारास ब्राझीलमध्ये सापडला, आणि अठराशे सत्तरच्या आसपास दक्षिण आफ्रिकेत एवढा सापडला की व्यापारी घाबरले. माल असाच बाजारात आला तर गारगोटीच्या भावानं जाईल. (आमच्या जिल्ह्यात गारगोटी नावाचं तालुक्याचं गावच आहे, भुदरगडचे पाहुणे इथं बसलेत, त्यांनी राग मानू नये.) म्हणून १८८८ मध्ये सेसिल ऱ्होड्स नावाच्या इंग्रजानं खाणी एकत्र करून डी बिअर्स कंपनी काढली. पुढची शंभर वर्षं जगातला बहुतेक कच्चा हिरा ह्या एका कंपनीच्या हातातून जायचा. ती माल कोठारात दाबून ठेवायची आणि थोडा थोडा सोडायची. आपल्याकडं साठेबाज साखर दाबतो, धान्य दाबतो, तेव्हा आपण मोर्चा काढतो. ह्यांनी हिरा दाबला तर लोक म्हणाले, वा, काय मौल्यवान वस्तू!

नुसतं दाबून भागलं नाही. दाबलेला माल विकला पण पाहिजे. १९३८ मध्ये कंपनीनं अमेरिकेतली एक जाहिरात कंपनी धरली. १९४७ मध्ये हिरा कायमचा असतो अशा अर्थाची ती प्रसिद्ध ओळ त्यांनी काढली. आपल्या टीव्हीवर ती हिंदीत यायची, ‘हीरा है सदा के लिए’. ह्या ओळीत दोन गोष्टी आहेत. एक, प्रेम असेल तर हिरा दे. आणि दुसरी, हिरा कधी विकू नको. ही दुसरी जास्त कामाची. कारण लोक जुने हिरे विकायला निघाले तर खरी किंमत उघडी पडेल. जपानमध्ये साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी द्यायची पद्धतच नव्हती. १९६७ मध्ये शंभरातल्या पाच नवऱ्यासुद्धा ती घालत नव्हत्या, १९८१ मध्ये साठ घालत होत्या. चौदा वर्षांत रीत तयार केली. आपल्याकडं तर माझ्या लहानपणी लोक हिऱ्याला भ्यायचे. सगळ्यांना लाभत नाही म्हणायचे. तीन रात्री उशाशी ठेवून बघायचे, वाईट स्वप्न पडलं की परत. आज त्याच घरांतली मुलं डायमंड नसेल तर लग्न अडवतात. तो शाहूवाडीच्या लग्नातला मामा काही दुष्ट नव्हता. त्याच्या तोंडून डी बिअर्स बोलत होती, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

आता जमिनीकडं येतो, कारण तुमचा विषय जमीन आहे.

दक्षिण आफ्रिकेत किंबर्ले इथं एक खड्डा आहे. १८७१ ते १९१४ पर्यंत माणसांनी कुदळ-फावड्यानं खणलेला. त्यातनं सव्वादोन कोटी टन माती-दगड काढला, आणि हिरे निघाले २,७२० किलो. हिशोब करा. एका ग्रॅमला आठ टनांपेक्षा जास्त माती, म्हणजे एक ट्रक. राधानगरीच्या, शाहूवाडीच्या सड्यावरनं बॉक्साइटचे ट्रक गेलेले तुम्ही बघितलेत. खाली झऱ्यांचं काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. बॉक्साइटचं निदान ॲल्युमिनियम होतं, घरात पातेलं येतं. ह्याचं काय येतं?

मध्य प्रदेशात छतरपूर जिल्ह्यात बक्सवाहा म्हणून जंगल आहे. सागवान, मोह, तेंदू, आवळा. लोक मोहफुलं आणि तेंदूपान वेचून जगतात, अगदी तुमच्या हिरड्यासारखं. तिथं जमिनीखाली ३ कोटी ४० लाख कॅरेट हिरे आहेत असा अंदाज निघाला. आधी रिओ टिंटो ही परदेशी कंपनी होती, ती सोडून गेली. २०१९ मध्ये लिलाव झाला आणि बिर्लांच्या कंपनीला मिळालं. सुमारे ३८० हेक्टर जंगल, २ लाख १५ हजार झाडं. लोकांनी झाडांना मिठ्या मारल्या, राख्या बांधल्या. २०२१ मध्ये हायकोर्टानं स्थगिती दिली. त्या जंगलात माणसानं हजारो वर्षांपूर्वी दगडावर काढलेली चित्रं आहेत, त्याची बाजू कोर्टात मांडली गेली. बघा, झाडांसाठी आणि जित्या माणसांसाठी जे थांबत नव्हतं, ते चित्रांनी थांबवलं. असो. थांबलं ते महत्त्वाचं.

आणि एक हकीकत नीट ऐका, कारण ती तुमचीच वाटेल. आफ्रिकेत बोट्स्वाना देश आहे. तिथं कालाहारी वाळवंटात सान नावाचे आदिवासी राहतात, शिकार आणि कंदमुळांवर. त्यांच्या मुलखावर १९६१ मध्ये अभयारण्य झालं. १९९७ आणि २००२ मध्ये सरकारनं त्यांना बाहेर काढलं, पाण्याची बोअर बंद केली. म्हणाले, जनावरांसाठी आणि तुमच्या विकासासाठी. सान लोक कोर्टात गेले. डिसेंबर २००६ मध्ये कोर्टानं निकाल दिला की ह्यांना बेकायदा काढलं, परत येऊ द्या. तरी बोअरच्या पाण्यासाठी आणखी भांडावं लागलं, ते २०११ मध्ये मिळालं. आणि २०१४ मध्ये त्याच अभयारण्याच्या आत हिऱ्याची खाण सुरू झाली. सरकार म्हणायचं, उठवण्याचा आणि हिऱ्यांचा काही संबंध नाही. नसेलही. पण माणसाच्या झोपडीनं ज्या जनावराला त्रास होत होता, त्याला खाणीच्या सुरुंगानं त्रास होत नाही, हे जरा नवल आहे ना?

हिऱ्यापायी जी रक्तं सांडली त्यावर फार बोलत नाही. सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ लढाई झाली, हिरे विकून बंदुका घेतल्या, साध्या माणसांचे हात तोडले. त्यानंतर २००३ पासून किंबर्ले नावाचं प्रमाणपत्र निघालं. दुकानदार ते दाखवतो. पण त्या कागदाचा अर्थ एवढाच, की ह्या हिऱ्यातनं बंडखोरांना पैसा गेला नाही. सरकारनं लोकांना मारून, उठवून खाण काढली असेल तर तो कागद गप्प. तुमच्या भाषेत सांगायचं तर, ग्रामसभेचा ठराव नसताना ‘ना हरकत’ जोडलेली फाईल.

आता महाराष्ट्रातलं बघा. नीरव मोदी, मेहुल चोक्सी ही नावं टीव्हीवर ऐकली असतील. मामा-भाचे, दोघं हिरेव्यापारी. फेब्रुवारी २०१८ मध्ये बाहेर आलं की मुंबईतल्या पंजाब नॅशनल बँकेच्या एका शाखेतून खोटी हमीपत्रं घेऊन तेरा हजार कोटींच्या वर रक्कम उचलल्याचा त्यांच्यावर आरोप आहे. आपल्याला पीककर्जाला पन्नास कागद लागतात. हिरा म्हटला की बँकेचे पण डोळे दिपतात. अलिबागजवळ किहीमला नीरव मोदीचा बंगला होता, समुद्रकिनाऱ्याचा कायदा मोडून बांधलेला. मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडला. ते सगळ्यांनी बघितलं. पण नगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यात खंडाळा गाव आहे, ते कमी लोकांना माहीत. तिथं त्याच्या कंपनीनं शेतकऱ्यांची जमीन घेतली होती. शेतकऱ्यांचं म्हणणं असं, की एकराला पंधरा हजार रुपये देऊन घेतली, जेव्हा सरकारी भूसंपादनाचा दर एकरी लाखांत होता. मार्च २०१८ मध्ये ते ट्रॅक्टर, बैलगाड्या घेऊन त्या रानात शिरले, नांगर धरला. हातात तिरंगा आणि बाबासाहेबांचा फोटो. काळी आई मुक्ती संग्राम असं त्याला नाव दिलं. पुढं कागदावर काय व्हायचं ते कोर्ट-कचेरीत. पण मी ती बातमी वाचली आणि मला वाटलं, पंधरा हजारांत एकर, आणि मी त्या अंगठीत ३६,००० चे खडे बसवतोय. दोन एकर काळी जमीन एका बोटावर!

बनावट हिऱ्याचं विचारलं होतं कुणीतरी सकाळी. ते बनावट नसतात. आता कारखान्यात यंत्रात हिरा वाढवतात, सुरतेत ढिगानं होतो. तो अस्सल हिराच असतो, घटक तोच, कठीणपणा तोच. मला पण भिंगातनं ओळखता येत नाही, मशिन लागतं. काही वर्षांत त्याची किंमत इतकी कोसळली की विचारू नका, आणि त्यानं खाणीच्या हिऱ्याला पण खाली ओढलं. ह्याचा फटका कुणाला बसला? कंपनीला थोडा. सुरतेत घंटीवर बसून पैलू पाडणाऱ्या कारागिराला जास्त. जगातल्या दहा हिऱ्यांतले नऊ तिथं घासले जातात, त्यात आपल्या खानदेशातली पोरं पण आहेत. काम गेलेली माणसं मला भेटलीत. म्हणून मी ‘हिरा बंद करा’ अशी घोषणा द्यायला आलेलो नाही. त्या पोरांना मी काय सांगू? मला उत्तर येत नाही. पण तुमच्या १५ लाखांतनं त्यांचा धंदा चालावा, हे काही मला पटत नाही.

(इथं एका तरुण मुलीनं उठून विचारलं: "तुम्ही आयुष्यभर शहरातल्या बायकांसाठी दागिने केलेत. आम्ही घ्यायचं म्हटलं की भाषण. आम्हाला हौस नसावी?")

बरोबर बोललीस बाई. बस. हे मला माझ्या सुनेनं पण विचारलं होतं. हौस असावी. मी दागिने करून जगलो, मला हौशीचा राग कसा येईल? तुझ्या आजीच्या गळ्यात पुतळ्या होत्या, पायात हुपरीच्या चांदीचे वाळे होते, ती काय हौस नव्हती? पण ती हौस अडीनडीला उभी राहायची. दुष्काळात मोडली, सुगीत परत केली. बाईच्या नावावर सातबारा नव्हता, बँक नव्हती. तिच्या हातात एवढंच होतं, अंगावरचं. म्हणून सासरचे बाकी काही मागोत, बाईच्या अंगावरचं ते तिचं असं आपण मानतो. आता तिच्या अंगावर असं काहीतरी घालायचं की जे मोडताच येत नाही, म्हणजे तिची तेवढीसुद्धा सत्ता काढून घ्यायची. त्या शाहूवाडीच्या पोरीला वाटत होतं आपल्याजवळ साठ हजार आहेत. तिच्याजवळ साडेतीस होते. तिला ते माहीत असतं, तर तिनं हौसेनं घेतलं असतं तरी माझी तक्रार नव्हती. तिला सांगणारा मी होतो, आणि मी गप्प बसलो.

तुला चमक आवडत असेल तर चांदीत अमेरिकन डायमंड घाल. दीड-दोन हजारात येतो. लग्नाच्या मांडवात पाहुण्याला फरक कळत नाही, मी पैज लावतो. पाहुणे भिंग घेऊन येत नाहीत.

आणि ज्यांना खरंच घ्यायचं आहे त्यांनी दुकानात एक गोष्ट विचारायची. "आज घेतलेला उद्या सकाळी परत आणला तर रोख किती देणार? ते पावतीवर लिहून सही करा." बदलून नाही, रोख. बघा दुकानदाराचं तोंड. सोन्याच्या, हिऱ्याच्या आणि घडणावळीच्या रकमा पावतीवर वेगवेगळ्या लिहून घ्यायच्या. एकूण वजनावर सोन्याचा भाव लावलाय का बघायचं. खड्याचं वजन आधी वजा झालं पाहिजे. आणि दर महिन्याला हप्ता भरा, अकरा भरले की बारावा आमच्याकडून, अशी भिशी कुणी वाडीत घेऊन आला, तर शेवटी दागिना कुठला घ्यावा लागणार ते आधी विचारा. बऱ्याचदा शेवटी हिऱ्याचाच दाखवतात, कारण नफा त्यात.

एक मात्र तुमच्या सभेला विचारतो, कारण एकट्या बापाच्यानं हे होत नाही. बैठकीत मुलाकडचे डायमंड म्हणाले की पोरीचा बाप नाही म्हणू शकत नाही, लग्न मोडेल म्हणून. पण सगळ्या वाडीनं मिळून ठरवलं, की पुनर्वसनाच्या पैशातनं हिरा घेणार नाही, तर त्याला सांगायला तोंड मिळतं: "माझं काही नाही हो, गावचा ठराव आहे." तुम्ही जंगलाचा ठराव करता, चराईचा करता, मधाचा करता. हा पण करून बघा. करायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी शहरातला माणूस, आणि वरनं दोन हजार घेतलेला.

मी ह्या शिबिराचे दोन दिवस बाहेर पिंपळाच्या पारावर बसणार आहे. कसोटी, भिंग आणि वजनकाटा बरोबर आणलाय. ज्यांच्या घरी असलं काही घेतलेलं आहे त्यांनी दागिना आणि पावती दोन्ही आणा. आज परत घातला तर किती येतील ते कागदावर लिहून देतो. पैसे घेत नाही. पोरींनो, आईला विचारून आणा, नाहीतर मला शिव्या बसायच्या.